आर्बिट्रमवरून इथेरियमवर: मूळ ब्रिज की त्रयस्थ?

मित्राने विचारलं, "आर्बिट्रमवरचे टोकन इथेरियमवर परत न्यायचेत, कुठला ब्रिज घेऊ?" मी उलट विचारलं, "घाई किती आहे?"

इथेरियम ही ब्लॉकचेन, आर्बिट्रम तिच्या आधाराने चालणारं वेगळं जाळं, आणि ब्रिज म्हणजे या दोन्हींमध्ये टोकन नेणारी सोय. मूळ ब्रिज आर्बिट्रमचा स्वतःचा, त्रयस्थ ब्रिज दुसऱ्या कुणाचा. मोठा फरक वेळेचाच. आर्बिट्रमच्या मूळ ब्रिजने परत यायला साधारण 7 दिवस लागतात. हा ढिसाळपणा नव्हे. खोट्या व्यवहारावर हरकत घेता यावी म्हणून ठेवलेली मुदत आहे ती. त्रयस्थ ब्रिज बहुधा काही मिनिटांत मोकळा होतो, कारण पलीकडे कोणीतरी आपल्या साठ्यातून तुम्हाला टोकन देतो आणि वाट पाहणं स्वतःकडे घेतो.

त्रयस्थ ब्रिजचं शुल्क बरंचसं रकमेच्या प्रमाणात. मूळ ब्रिजला मात्र इथेरियमवरचा गॅस, म्हणजे व्यवहार नोंदवण्याचं शुल्क, रक्कम कितीही असो. म्हणजे छोट्या रकमेला 'फुकट' मूळ ब्रिजच महाग पडू शकतो! शिवाय आठवड्याने पुन्हा येऊन टोकन ताब्यात घ्यावे लागतात, हे विसरणारे कमी नाहीत.

जोखीम? त्रयस्थ ब्रिज म्हणजे भरवसा ठेवायला आणखी एक कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम. फेब्रुवारी 2022 मध्ये वर्महोल या त्रयस्थ ब्रिजच्या सही-पडताळणीतल्या चुकीमुळे चोराने 1,20,000 'रॅप्ड ईथर' (इथेरियमच्या चलनाचं, ईथरचं प्रतिनिधित्व करणारे टोकन) तारणाविना छापले. अर्थात 'स्वतःचा ब्रिज' हे कवच नाही: त्याच वर्षी रोनिन या दुसऱ्या जाळ्याच्या स्वतःच्या ब्रिजवर व्यवहार मंजूर करणाऱ्या 9 पैकी 5 किल्ल्या चोरांच्या हाती गेल्या होत्या.

रक्कम मोठी आणि आठवडा थांबता येत असेल, तर मूळ ब्रिज. थोडे टोकन आजच हवे असतील, तर त्रयस्थ. आधी चिमूटभर पाठवून बघा.