रिक राइट की टोनी बँक्स?

दोघेही ब्रिटिश, दोघेही कीबोर्डवाले, दोघांनीही आपापल्या बँडसाठी गाणी रचली. तरी पिंक फ्लॉइडच्या राइटचं आणि जेनेसिसच्या बँक्सचं करिअर पार वेगळ्या वाटेनं गेलं.

बँक्स १९६७ पासून शेवटपर्यंत टिकला. १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल गेला, दोन वर्षांनी गिटारवादक स्टीव्ह हॅकेट गेला. बँक्स जागचा हलला नाही. २०२२ मध्ये लंडनला बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हाही कीबोर्डवर तोच. त्याचं काम आखीवरेखीव. 'फर्थ ऑफ फिफ्थ'च्या सुरुवातीचा पियानो ऐका: ताल सारखा बदलतो, पण ऐकणाऱ्याला ठेच लागत नाही.

राइट मोजकंच वाजवायचा. 'ब्रीद' गाण्यातला एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, त्याने माइल्स डेव्हिसच्या जॅझमधून उचलला, आणि रॉकमध्ये तो असा मुरला की उसना वाटतच नाही. 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची चालही मुळात त्याचीच. माझं मत विचाराल तर बँक्सच्या दहा सुरांपुढे मला राइटचे दोन पुरतात.

पण बँडमधल्याच रॉजर वॉटर्सशी त्याचं बिनसलं आणि 'द वॉल'च्या वेळी त्याला बँडमधून जावं लागलं. पुढे त्याच अल्बमच्या कार्यक्रमांत तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. कार्यक्रम तोट्यात गेले, बाकी तिघांच्या खिशाला चाट बसली, याचा पगार मात्र चुकला नाही!

स्वतंत्र अल्बम दोघांनीही काढले. ते फारसे खपले नाहीत.