कला की विज्ञान: निवडीपूर्वी काय पडताळून पाहावे

कला आणि विज्ञान यांतून एक शाखा निवडताना विद्यार्थी बहुधा गुणपत्रिका पाहतात आणि पालक नोकऱ्यांचा अंदाज घेतात. परंतु पुढची काही वर्षे रोज नेमके कोणत्या प्रकारचे काम करावे लागणार आहे, हा प्रश्न दोघांकडूनही राहून जातो. माझ्या मते तुलना तिथूनच सुरू व्हायला हवी.

विज्ञान शाखेत बराच वेळ उदाहरणे सोडवण्यात आणि प्रयोगांत जातो. साधा लंबक घेतला, तर दोरीची लांबी चौपट केल्यावर आंदोलनाचा काळ चौपट नव्हे, तर दुप्पट होतो, आणि गोळा जड घेतल्याने तो बदलत नाही. सूत्र पाठ झाल्यावरही हे असे का होते ते उमगेपर्यंत ज्याला चैन पडत नाही, आणि आकडे जुळले नाहीत तर ते खोडण्याऐवजी ज्याला पुन्हा मोजावेसे वाटते, त्याने विज्ञान निःशंकपणे घ्यावे.

कला शाखेत वाचन आणि लेखन यांचा भार मोठा असतो. एकाच लढाईविषयी दोन्ही पक्षांची पत्रे समोर आली की दोघेही विजय आपलाच झाल्याचे सांगतात. अशा वेळी पत्र कोणी, कोणाला आणि कोणत्या हेतूने लिहिले हे तपासून आपले मत पुराव्यानिशी मांडावे लागते. ‘कलेत नुसते पाठांतर असते’ हा समज म्हणूनच अन्यायाचा आहे, आणि केवळ गणित टाळण्यासाठी ही शाखा घेणेही चुकीचे ठरते, कारण अर्थशास्त्र आणि मानसशास्त्रात पुढे सांख्यिकी येतेच. 2002 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले डॅनियल कानेमान हे मूळचे मानसशास्त्रज्ञ होते.

शाखा बदलण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू समान नाहीत. विज्ञान पायरीपायरीने चढते; बीजगणित कच्चे असेल तर कलन (कॅल्क्युलस) समजत नाही आणि कलनाशिवाय यामिकी, म्हणजे बल आणि गतीचा अभ्यास, फार पुढे जात नाही. त्यामुळे विज्ञानाकडून कलेकडे वळणे तुलनेने सोपे, तर उलट प्रवास अवघड असतो. इतिहासाची पदवी घेतलेल्या एडवर्ड विटन यांना पुढे गणितातील योगदानासाठी 1990 मध्ये फील्ड्स पदक हा गणितातील अत्यंत मानाचा पुरस्कार मिळाला, पण हा अपवाद आहे. तरीही ‘विज्ञान घेऊन ठेवू, नंतर बघू’ हा सल्ला सर्वांना देऊ नये. गणिताची खरी आवड असून मन ठरत नसेल, तर तो योग्य आहे. आवडच नसेल, तर गुण घसरतात, आत्मविश्वास जातो आणि ज्या वयात भरपूर वाचन व्हायचे ते वय निसटते.

हव्या असलेल्या पदवीसाठी कोणते विषय अनिवार्य आहेत, हे प्रवेशाच्या नियमांत आधी वाचावे, आणि अर्थशास्त्रासोबत गणित अशी जोडी मिळते का, तेही विचारावे. त्यानंतर दोन्ही शाखांची पुढील इयत्तेची पुस्तके आणून प्रत्येकातील एक प्रकरण स्वाध्यायासह, कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण करावे.