उंची वाढवणारी पावडर: सहा डबे संपवल्यानंतर

दादर स्टेशनजवळच्या एका दुकानातून सतरा वर्षांच्या मुलासाठी ही पावडर घेतली. डबा बाराशेचा, असे सहा आणले. दुधात गुठळ्या होतात, चव बरी. दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण मात्र जिथल्या तिथे: १६४ सेंटिमीटर.

शेवटी परळला डॉक्टरांकडे गेलो. हाताचा एक्स-रे काढला. हाडांच्या टोकांशी असलेल्या, वाढ करणाऱ्या कूर्चा मिटल्या होत्या. मग कुठलीच पावडर हाड लांबवत नाही. त्यांनी आमची उंची विचारली. माझी १५२, ह्यांची १६५. मुलगा म्हणून बेरजेत १३ मिळवले, निम्मे केले: १६५. अंदाजच तो, पण किती जवळचा! नीट खायला मिळणाऱ्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकाचा सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. जनुकंही एकदोन नव्हेत. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या डीएनएच्या अभ्यासात उंचीशी जोडलेल्या १२ हजारांवर जागा सापडल्या. बाकी लहानपणचा आहार, आजारपणं.

दुकानदार ‘दोन इंच नक्की’ म्हणाला होता. पोर सहा महिने रोज सकाळी चौकटीला पाठ लावून उभं राहत होतं, त्याचा मला फार राग आहे. घेऊ नका.