डेमीचं पान मूळ मापात दाखवणारा टॅब

मी साताऱ्यात राहते, सतरा वर्षं मुद्रितशोधन करते. पूर्वी पुण्याहून प्रुफांचे गठ्ठे एसटीच्या पार्सलने यायचे. आता पीडीएफ येते. दिवाळी अंकांच्या दिवसांत ती रात्री अकरालाही येते आणि खाली लिहिलेलं असतं, "ताई, सकाळी छपाईला द्यायचंय." मग हाताशी असेल त्यावर वाचायचं, म्हणजे फोनवर.

गेल्या वर्षी एका कादंबरीचं शेवटचं प्रूफ मी असंच साडेसहा इंची फोनवर वाचलं. पुस्तक हातात आलं आणि पहिल्याच प्रकरणात 'मुलींना'चं 'मुलीना' झालेलं दिसलं. चार ठिकाणी. वेलांटीच्या वळणाला चिकटून बसणारा तो अनुस्वार इतक्या बारीक अक्षरात आहे की नाही, कळतच नाही. लेखिका एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस घेतला. ११ इंची. घरी आणल्यावर आधी पट्टीने पडदा मोजला: रुंदी १४८ मिलिमीटर, उंची २३७. डेमी १/८ या पुस्तकाच्या नेहमीच्या आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे साधारण १४० बाय २१६. टॅब उभा धरला की पान छापल्यासारखं मूळ मापात समोर! फोनच्या पडद्याची रुंदी जेमतेम ६८. तिथे बारा पॉइंटचं अक्षर सहाच्याही खाली जातं.

पिक्सेल मोजले तर फोन सरस आहे. त्यावर इंचाला चारशेच्या आसपास, टॅबवर साधारण २०६. पण अनुस्वार टिपायला अक्षर मोठं लागतं, नुसतं रेखीव असून भागत नाही. फोनवर मोठं करावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते, बोटाने सरकवता सरकवता वाक्याचा धागा सुटतो, आणि ओळीच्या टोकाला दोनदा पडलेला 'आणि' तिथेच निसटतो. फोनवर माझी तासाला आठ पानं व्हायची, टॅबवर बारा-तेरा होतात, आणि पुन्हा मागे जावं लागत नाही.

साडेआठ बाय अकरा इंची अंक असेल तर टॅब आडवा धरते. रुंदी पूर्ण बसते, पान फक्त वर-खाली सरकवायचं. खुणा करायला साधा रबरी टोकाचा पेन वापरते, कारण यावर सॅमसंगचा एस-पेन (पडद्यावर लिहायचा पेन) चालत नाही. वजन ४८० ग्रॅम, त्यामुळे स्वारगेटच्या गाडीत मांडीवर ठेवूनच वाचते, खंबाटकी घाट आला की मिटते.

डीटीपीवाल्यांना, म्हणजे संगणकावर पानं जुळवणाऱ्यांना, एक विनंती. क्रॉपमार्क (कागद कुठे कापायचा त्या खुणा) आणि भोवतालचा कोरा कागद काढून पीडीएफ पाठवा. तो राहिला की पान पुन्हा आक्रसतं.