हॉप-ऑन हॉप-ऑफ बस: ज्येष्ठांना घेऊन बसा, पण उतरू नका

मोठ्या शहरात आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना नाहीतर आत्या-मामींना फिरवायचं ठरलं की घरातलं कुणीतरी ती उघड्या छताची डबलडेकर सुचवतंच. जाहिरातीत म्हटलेलं असतं, हव्या त्या थांब्यावर उतरा, बघा, पुढची बस पकडा. पंचविशीतल्यांना हे ठीक आहे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी या सेवेचा खरा उपयोग नेमका उलटा आहे. एकदा बसायचं आणि फेरी पुरी होईपर्यंत उठायचं नाही. अशी वापरली तर पैसे वसूल होतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचं साधन म्हणून वापरली, तर दुपारी तीनपर्यंत पैसेही गेलेले असतात आणि गुडघेही.

एकदा उतरलं की किती वेळ जातो, ते कागदावर मांडून बघा. उतरल्याबरोबर स्वच्छतागृह शोधणं, २० मिनिटं. थांब्यापासून प्रवेशद्वारापर्यंत १०. तिकीट आणि बॅगा तपासण्याची रांग ३०. प्रत्यक्ष बघणं एक तास. मध्ये कुठेतरी बसणं २०. परत थांब्यापर्यंत १०, आणि पुढच्या बसची वाट २०. झाली १७० मिनिटं, म्हणजे तीन तासांना १० मिनिटं कमी. यात जेवण धरलेलं नाही. सकाळी दहाला निघून संध्याकाळी पाचला परतायचं, तर दिवसात दोन थांबे होतात, तिसरा फक्त यादीत राहतो. पत्रकात छापलेले वीस-पंचवीस थांबे बघून तिकीट काढणारे इथेच फसतात.

त्यात फोनवरचा नकाशा चालायचा वेळ सांगतो तो धडधाकट माणसाच्या चालीने, ताशी पाच किलोमीटरच्या आसपास. गुडघे दुखणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालतो असं धरलं, तर नकाशावरची १० मिनिटं, म्हणजे अंदाजे ८०० मीटर, साडेसोळा-सतरा मिनिटांची होतात. नकाशाच्या वेळेला दीडपटीहून थोडं जास्त धरायचं, आणि चढ किंवा फरसबंदीचा खडबडीत रस्ता असेल तर सरळ दुप्पट. थांब्याचं नाव स्मारकाचं असलं म्हणून बस स्मारकाच्या दारात थांबते असंही नाही. जुन्या भागात मोठ्या बसला प्रवेशच नसतो. ती जवळच्या हमरस्त्यावर सोडते आणि उरलेलं अंतर तुमचं.

दुसरी अडचण पत्रकावरून पटकन लक्षात येत नाही. या बस बहुतेक ठिकाणी एकाच दिशेने गोल फिरतात. थांबा क्रमांक ७ वर चष्मा विसरला आणि तुम्ही ८ वर आहात, तर बसने ७ वर जायला जवळजवळ पूर्ण फेरी मारावी लागते. फेरी दीड ते दोन तासांची, गर्दीच्या वेळी अडीच तासही. म्हणून मार्ग बघताना थांबे मोजू नका, दिशेचा बाण बघा, आणि तुमचं हॉटेल फेरीच्या सुरुवातीला येतं की शेवटी, हे आधी ठरवा.

आता बसमधली जागा. इथे थोडं तपशिलात जायला हवं, कारण फेरी सुखाची की शिक्षेची, हे जागेवर ठरतं.

वरच्या डेकचा जिना अरुंद आणि वळणाचा असतो. वळणावरच्या पायऱ्या त्रिकोणी असतात, आतल्या टोकाला जेमतेम टाच टेकते. चढताना त्रास कमी, धोका उतरताना. थांबा चुकेल या भीतीने माणसं बस चालू असतानाच उठतात, ड्रायव्हर ब्रेक लावतो आणि सगळं वजन एका हाताने धरलेल्या कठड्यावर येतं. वर जायची हौस असेल तर पहिल्या थांब्यावर बस उभी असताना चढवा आणि फेरी संपून बस पुन्हा उभी राहिली की उतरवा. चढताना तरुण माणूस मागे, उतरताना पुढे, म्हणजे दोन्ही वेळा खालच्या बाजूला. आधार एकाच वेळी एकालाच द्यायचा, दोघांना दोन हात देऊन जिना उतरता येत नाही.

वरच्या डेकवर ऊन कळत नाही, कारण वारा लागत असतो. दोन तासांनी उतरल्यावर मान आणि हात भाजलेले सापडतात, डोकं दुखायला लागतं. साधी टोपी उडते, हनुवटीखाली बांधता येईल अशीच हवी. काही बसच्या वरच्या डेकवर पुढच्या अर्ध्या भागाला छप्पर असतं. ज्येष्ठांसाठी तीच जागा सगळ्यात चांगली, फक्त अगदी पहिली रांग टाळा. फोटोत ती छान दिसते, पण पुढे काच आणि पाय लांब करायला जागा नाही.

खालचा डेक सोपा, पण दृश्य कमी. खिडक्यांवर बाहेरून जाहिरातीची बारीक छिद्रांची फिल्म चिकटवलेली असेल तर शहर धुरकट दिसतं, आणि मोतीबिंदू असलेल्याला तर जवळपास दिसतच नाही. प्रवाशांनी टाकलेल्या फोटोंमध्ये बसच्या खिडक्या बघून घ्या, कंपनीच्या स्वतःच्या फोटोंवर जाऊ नका. फूटपाथच्या बाजूला बसलं तर उंच इमारतींचे फक्त तळमजले दिसतात. रस्त्याच्या मधल्या बाजूला बसलं की समोरच्या फूटपाथवरची इमारत बरीच वरपर्यंत नजरेत येते. मागच्या चाकांवरची जागा कंबरेला वाईट, धक्के तिथेच बसतात आणि शेजारी इंजिनाची धग. उलट तोंडाच्या जागांवर मळमळतं. पुढचं आणि मधलं दार यांच्यामध्ये, पुढे तोंड असलेली जागा मिळवा. ती मिळते पहिल्या थांब्यावरच. मधल्या थांब्यावर येणारी बस बऱ्याचदा भरलेली असते. पाऊस आला की वरचे सगळे खाली उतरतात, मग उभं राहायलाही जागा नाही.

कॉमेंट्रीबद्दल अपेक्षा कमी ठेवा. भाषा डझनावारी असतात. मराठी त्यात गृहीत धरू नका, हिंदीही सगळीकडे नसते. फुकट मिळणारे इअरफोन कानात खुपसायचे असतात, श्रवणयंत्र असेल तर ते बसतच नाहीत. कानावरून बसणारा जुन्या पद्धतीचा, ३.५ मिलिमीटरच्या पिनचा हेडफोन घरूनच न्या. बसल्याबरोबर पुढच्या सीटच्या पाठीवरचं भोक चालतं का, हे पिन लावून बघा. एका कानातच आवाज येणं किंवा नुसती खरखर ही नेहमीची तक्रार आहे, आणि जागा बदलायची तर ती बस भरण्याआधीच. काही सेवांनी कॉमेंट्री फोनच्या अ‍ॅपवर नेली आहे. तिथे हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्रीच ऑडिओ उतरवून ठेवा. मात्र खरं सांगायचं तर शेजारी बसून घरातल्याच कुणीतरी चार गोष्टी सांगणं मोठ्यांना जास्त आवडतं. त्यासाठी एकाने आधी अर्धा तास वाचून ठेवावं.

बसमध्ये स्वच्छतागृह नसतं. ज्येष्ठांच्या बाबतीत सगळा बेत खरं तर याच गोष्टीभोवती आखायचा असतो, आणि याच गोष्टीबद्दल घरात कुणी मोकळेपणाने बोलत नाही. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी लघवीची गोळी चालू असेल, तर सकाळी घेतल्यावर पुढचे काही तास वरचेवर जावं लागतं. गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी चुकवू नका. उलट प्रकारही होतो. जायला लागू नये म्हणून मोठी माणसं पाणीच पीत नाहीत, आणि उन्हात चक्कर येते. पहिला थांबा मोठ्या रेल्वे स्टेशनजवळ, संग्रहालयाजवळ किंवा मॉलजवळ निवडा, चढण्यापूर्वी दहा मिनिटं तिथे द्या, आणि बसमध्ये थोडं थोडं पाणी द्या. मधुमेह असेल तर खाण्याची वेळ फेरीच्या मध्ये येणार नाही असं बघा, तरी खिशात काहीतरी गोड असू द्या. वाहतुकीत अडकलेली बस तुमच्या जेवणासाठी थांबत नाही.

तिकिटात ‘१ दिवस’ आणि ‘२४ तास’ यांत मोठा फरक आहे. ‘१ दिवस’ म्हणजे त्या तारखेची शेवटची बस सुटेपर्यंत. ‘२४ तास’ पहिल्यांदा स्कॅन केल्यापासून मोजतात. ज्येष्ठांसाठी २४ तासांचंच घ्या आणि दोन अर्ध्या दिवसांत वाटून टाका: पहिल्या दिवशी दुपारी दोनला चढून एक पूर्ण फेरी, रात्री विश्रांती, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला चढून एका ठिकाणी उतरायचं आणि दोनच्या आत परतीची बस. ४८ किंवा ७२ तासांचं तिकीट स्वस्त वाटतं, पण तोच मार्ग तिसऱ्यांदा बघायला कुणी बसत नाही. ज्येष्ठांसाठी सवलत असेल तर वयाची अट वाचा आणि वयाचा पुरावा जवळ ठेवा. सवलतीचं तिकीट ऑनलाइन काढलं तरी बसमध्ये पुरावा मागू शकतात.

शेवटच्या बसची वेळ लिहिलेली असते ती बहुधा पहिल्या थांब्याची. तीच बस सगळे थांबे घेईल याची खात्री नाही, काही फेऱ्या मध्येच संपतात. हिवाळ्यात वेळ आणखी अलीकडे येते. मिरवणूक किंवा मॅरेथॉन असली की मार्ग बदलतो, त्यामुळे रविवारी निघण्यापूर्वी सेवेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची सूचना बघा.

चाकांची खुर्ची असेल तर ‘रॅम्प आहे’ एवढ्यावर विसंबू नका. साधारणपणे एका बसमध्ये एकाच खुर्चीची जागा असते. ती भरलेली असली तर पुढच्या बसची वाट. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ही जागा १२० बाय ७० सेंटीमीटरच्या खुर्चीचं माप धरून केलेली असते, बॅटरीवर चालणारी लांबट स्कूटर तिच्यात मावेलच असं नाही. फोन करून तीन प्रश्न विचारा: या मार्गावरच्या सगळ्या बसना रॅम्प आहे का, की फक्त मुख्य मार्गावरच्या? घडीची खुर्ची मिटून ठेवायला जागा आहे का? बस थांब्यावर एका बाजूला झुकते का? चांगल्या लो-फ्लोअर बसची पायरी रस्त्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर असते, झुकल्यावर ती काही सेंटीमीटर खाली येते. गुडघा बदललेल्या माणसाला तेवढा फरकही पुष्कळ.

दुसरे पर्यायही तोलून बघा. काही शहरांत साधी सरकारी बसच प्रेक्षणीय मार्गाने जाते. बर्लिनची १०० क्रमांकाची डबलडेकर प्राणिसंग्रहालयाजवळून निघून राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, इमारतीवरून आलेक्झांडरप्लात्झला जाते. लंडनची १५ क्रमांकाची बस ट्रफाल्गर स्क्वेअर, सेंट पॉल कॅथेड्रल आणि टॉवर ऑफ लंडन जोडते. कॉमेंट्री नाही, पण भाडं साध्या बसचं, आणि मनात आलं तर लगेच उतरता येतं. याच न्यायाने लिस्बनच्या २८ क्रमांकाच्या ट्रामला मात्र कुणी ज्येष्ठांना पाठवू नये. पायऱ्या उंच, डबा छोटा आणि गर्दी एवढी की बसायला मिळणं नशिबाची गोष्ट.

नदी असेल तर बोट बसपेक्षा चांगली. धक्के नाहीत, आणि पुष्कळ बोटींवर स्वच्छतागृह असतं. एकच गोष्ट बघायची, धक्क्यापासून बोटीपर्यंतचा उतार. थेम्ससारख्या भरती-ओहोटीच्या नदीत पाण्याची पातळी सात मीटरपर्यंत खालीवर होते. भरतीला जवळजवळ सपाट असलेला रॅम्प ओहोटीला चांगलाच उतरता होतो. भरतीची वेळ बघून तिकीट काढलं तर खुर्ची ढकलणाऱ्याचेही हात दुखत नाहीत.

चार-पाच जण असाल तर अर्ध्या दिवसासाठी ड्रायव्हरसकट गाडी किती पडते, हे तिकिटांच्या एकूण रकमेशी ताडून बघाच. तफावत बऱ्याचदा वाटते त्याहून कमी निघते, आणि गाडी प्रवेशद्वाराशी सोडते. ठरवताना थांबण्याचा वेळ धरून भाव विचारा, नुसत्या किलोमीटरचा नको.

बसच घेतली आणि कुठेतरी उतरायचंच ठरलं, तर ती जागा अशी निवडा की जिथे आत न जाताही बसून बघण्यासारखं काही आहे: सावलीतले बाक, चौक, कारंजं, जवळ चहा. कारण प्रवेशद्वाराशी आल्यावर मोठ्यांपैकी एकजण हमखास म्हणणार, ‘‘मी बसते इथंच, तुम्ही जाऊन या.’’ त्यांना आग्रह करू नका. एकाने त्यांच्याजवळ थांबावं, फोन चार्ज केलेला असावा आणि परतीची बस कोणत्या बाजूच्या फूटपाथवर येते ते आत जाण्यापूर्वीच बघून ठेवावं. मोठ्या रस्त्यांवर तो थांबा पलीकडे असतो, आणि पलीकडे जायच्या भुयारी मार्गाला पायऱ्या.