फिरत्या आरोग्य पथकाची शालेय तपासणी सेवा : दोन वर्षांचा अनुभव

राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात आमची माध्यमिक शाळा आहे. पाचवी ते दहावीचा पट १८७, शिक्षक ९, शिक्षकेतर कर्मचारी ३ आणि पोषण आहार शिजवणाऱ्या २ मावशी. गेली दोन वर्षे आम्ही जिल्ह्यातील एका धर्मादाय संस्थेच्या फिरत्या आरोग्य पथकाची सेवा घेत आहोत. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या इतर शाळांना नावापेक्षा कामाचा तपशील अधिक उपयोगी पडेल.

सरकारी तपासणी होत असताना ही वेगळी सेवा कशासाठी, असा प्रश्न शाळा समितीच्या सभेत निघाला होता आणि तो रास्तच होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच कोकणातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, शाळेत वर्षातून एकदा वैद्यकीय पथकाची भेट आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेपर्यंतचे मोफत उपचार एवढा त्याचा आवाका आहे, आणि त्याला पर्याय शोधण्याचे आम्हाला कारणही नव्हते. मात्र तो कार्यक्रम मुलांसाठी असल्याने शाळेतील मोठी माणसे त्यात येत नाहीत. शिवाय दोन भेटींच्या मधल्या वर्षभरात मुलांकडे पुन्हा पाहणारे कोणीतरी आम्हाला हवे होते.

या पथकाचे सर्वांत मोठे बलस्थान म्हणजे पाठपुरावा. तपासणीनंतर दीड महिन्याने त्यांची परिचारिका पुन्हा शाळेत येते, यादीतील प्रत्येक मुलाला बोलावून घेते आणि सांगितलेली गोष्ट झाली की नाही, नसल्यास का झाली नाही, हे विचारून लिहून ठेवते. सातवीतील एक मुलगी नेहमी पहिल्या बाकावर बसायची. अभ्यासू आहे म्हणून पुढे बसते, अशीच आम्हा सर्वांची समजूत होती. डोळे तपासणीच्या तक्त्यापासून २० फुटांवर उभी केल्यावर तिला वरच्या दोन ओळींपलीकडे काही वाचता येईना. पहिल्या भेटीत चिठ्ठी देऊनही चष्मा झाला नव्हता, कारण वडील मासेमारीच्या हंगामात बोटीवर होते आणि आईला एकटीने तालुक्याला जाणे जमले नव्हते. परिचारिकेने दुसऱ्या भेटीत हे ऐकून घेतले आणि पुढच्या फेरीला चष्मा शाळेतच आणून दिला. त्यानंतरच्या आठवड्यात ती मुलगी आपण होऊन शेवटच्या बाकावर, मैत्रिणीच्या शेजारी जाऊन बसली. वर्गशिक्षिका म्हणून तीन वर्षे तिला पाहणाऱ्या मला हे आधी कळायला हवे होते, ही खंत आहे.

रक्तक्षयाची तपासणीही त्यांनी समजून-उमजून केली. बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिले आणि १२ ग्रॅमच्या खाली आलेल्या मोठ्या मुलींच्या आयांना वेगळे बोलावून घेतले. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी बऱ्याच मुली घरी नेऊन टाकून देतात, हे आम्हाला ठाऊक होते. पण ती उपाशीपोटी घेतल्याने मळमळते आणि शौचाचा रंग काळा होतो म्हणून घरचे घाबरतात, हे त्या दिवशी आयांच्याच तोंडून ऐकले. डॉक्टर बाईंनी गोळी जेवणानंतर घ्यायला, जेवणाला लागून चहा टाळायला आणि कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला यांवर लिंबू पिळायला सांगितले. घरात असलेलेच अन्न सुचवल्यामुळे ते ऐकलेही गेले.

त्याच दिवशी बाईंनी मुलींना आणखी एक साधा प्रश्न विचारला : शाळेत असताना किती पाणी पिता? बहुतेकींचे उत्तर ‘पीत नाही’ असे आले. मुलींच्या शौचालयाच्या एका दाराची कडी मोडलेली होती आणि एप्रिलमध्ये विहिरीचे पाणी खाली गेले की टाकी कोरडी पडते, म्हणून मुली दिवसभर तहान मारत होत्या. लघवीच्या जळजळीची तक्रार त्यांच्यापैकी कित्येकींना होती. कडी दुसऱ्याच दिवशी बसवली; टाकीसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे.

कर्मचाऱ्यांच्या तपासणीत आमच्या आहार शिजवणाऱ्या एका मावशींचा रक्तदाब १८० वर ११० निघाला. दहा मिनिटे शांत बसवून, न बोलता पुन्हा मोजला तरी फारसा उतरला नाही. साठीला टेकलेल्या या बाईंचा रक्तदाब आयुष्यात पहिल्यांदाच मोजला जात होता आणि रोज सकाळी भाताचे टोप त्याच उचलत होत्या. आता प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्यांची गोळी चालू आहे आणि टोप उचलायला शिपाई जातो.

त्रुटीही स्पष्ट सांगायला हव्यात. पहिल्या वर्षी त्यांनी जुलैचा दुसरा आठवडा ठरवला. लावणीचे दिवस, धो-धो पाऊस आणि वाडीवरच्या साकवावरून पाणी गेलेले, यामुळे पन्नासहून अधिक मुले गैरहजर राहिली. ज्यांना तपासणीची सर्वाधिक गरज होती त्यांतलीच ती बरीचशी होती. कोकणात काम करणाऱ्या संस्थेला एवढे कळायला हवे. दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटली. कर्मचाऱ्यांचे अहवाल शिक्षक खोलीतील टेबलावर उघडे ठेवले गेले आणि एका सहकाऱ्याच्या साखरेचा आकडा संध्याकाळपर्यंत सर्वांच्या तोंडी झाला. लेखी तक्रार केल्यावर त्यांनी माफी मागितली आणि दुसऱ्या वर्षी बंद पाकिटे देऊन ग्रंथालयात एकेकाशी स्वतंत्रपणे बोलले.

मानसिक आरोग्याचा भाग मात्र अजून नावापुरताच आहे. दहावीच्या मुलांना सभागृहात एकत्र बसवून तासभर भाषण दिल्याने कोणी मन मोकळे करत नाही. त्याऐवजी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मी वर्गात आणि शिक्षक खोलीत लावला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा मोफत असून दिवसरात्र चालते. शिक्षकांच्या घशाचाही विचार पथकाने केलेला नाही. पावसाळ्याचे चार महिने पत्र्याच्या छपराखाली पावसाच्या आवाजावर आवाज चढवून शिकवणाऱ्या आमच्यापैकी तिघांचा आवाज ऑगस्टपर्यंत बसतो. आवाज कसा जपावा, हे सांगणारा माणूस एक दिवस जरी आणला तरी मोठे काम होईल.

शुल्क विद्यार्थ्यामागे ६० रुपये आहे, कर्मचाऱ्यांसाठी वेगळे काही घेत नाहीत आणि ज्यांना जमत नाही त्यांचे पैसे माजी विद्यार्थी भरतात. करार करताना पाठपुराव्याच्या भेटीची तारीख त्यातच लिहून घ्यावी आणि अहवाल कोणाच्या हाती जाणार हे आधी विचारावे. आम्ही तिसऱ्या वर्षासाठी होकार कळवला आहे. तपासणी गणपतीच्या सुटीनंतर, भातकापणी सुरू होण्याआधी व्हावी, एवढी अट मात्र घातली आहे.