दारावर आलेला पाण्याचा सर्व्हे: उपनगरात नव्याने राहायला गेलेल्यांसाठी

मोठ्या शहरातला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून आम्ही उपनगरातल्या बैठ्या घरात आलो, त्याला सात महिने झाले. पहिल्या पंधरवड्यातच आम्ही फसलो. ठरलेली पूर्ण रक्कम माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी होती. कितीतरी दिवस मी हे कुणालाच सांगितलं नाही, आणि आता वाटतं की ती माझी दुसरी चूक झाली. म्हणून जे घडलं ते सगळं लिहिते आहे. घर बदलणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना जरूर वाचायला द्या.

शहरात अनोळखी माणूस आमच्या दारापर्यंत पोचायच्या आधी खाली वॉचमन त्याला हटकायचा, नाव लिहून घ्यायचा, वर फोन करून विचारायचा. ही व्यवस्था आपल्याला सांभाळते आहे हे तिथे राहताना कधी जाणवलंच नाही. इथे फाटक ढकललं की माणूस थेट दारात. त्यात दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. नवऱ्याचा कामावर जाण्यायेण्यात जवळजवळ तीन तासांचा प्रवास, मी घरून काम करते, सोबत आई. शेजारी कोण राहतं हे पाट्यांवरून वाचलेलं, पण बोलणं कुणाशीच नाही. शहरातही शेजाऱ्यांशी फारसं बोलणं नव्हतंच, पण तिथे लिफ्टमध्ये चार चेहरे तरी दिसायचे. इथे आठवड्याभरात आईनं दोनदा विचारलं, "इथे माणसं राहतात ना गं?"

आणि पाणी खरोखरच वेगळं होतं. साबणाला फेस येईना, बादलीला आतून पांढरा थर, नळाच्या तोटीवर खडूसारखी पूड, केस राठ. हे आरोग्याला बरं आहे का, हा प्रश्न आमच्या मनात आधीपासून होता. तो माणूस नेमका तिथेच बोट ठेवून उभा राहिला.

सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. नीट इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पेटी. "ताई, नवीनच आलात ना राहायला? आपल्या भागात पाण्याचा सर्व्हे चालू आहे. विकायचं काही नाही, फक्त तपासून नोंद करायची आहे." शेजारच्या दोन्ही घरांची आडनावं त्यानं घेतली, त्यांच्याकडे आत्ताच जाऊन आलो म्हणाला. मला हायसं वाटलं. आपण नवीन आलोय हे याला कसं कळलं, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. उत्तर फाटकाबाहेरच होतं: सामानाची रिकामी खोकी घडी करून आम्ही तिथे रचून ठेवली होती, आणि पुढच्या खिडक्यांना अजून पडदे नव्हते. आडनावं तर पाट्यांवर लिहिलेलीच होती. ओळखपत्रावरचं नाव मी वाचलं, पण ते कुठल्या कार्यालयाचं आहे हे काही पाहिलं नाही.

त्यानं आमच्याकडचेच दोन ग्लास मागून घेतले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं "शुद्ध" पाणी. आधी पेनासारखं मीटर बुडवलं: आमच्या पाण्याचा आकडा ४१२, त्याच्या पाण्याचा १४. मग पेटीतून यंत्र काढलं. त्याला खाली चार सळ्या, प्रत्येक ग्लासात दोन बुडतील अशा. पिन लावून बटण दाबलं. आमच्या ग्लासात आधी बुडबुडे, मग हिरवट झाक, मग पिवळट, आणि मिनिटभरात गढूळ तपकिरी चोथा वर तरंगायला लागला. दुसरा ग्लास जवळपास तसाच्या तसा स्वच्छ. आईनं तोंडाला पदर लावला. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हे रोज पोटात जातंय."

एक गोष्ट मी त्या वेळी पाहिली होती आणि सोडून दिली. यंत्र बाहेर काढल्यावर त्यानं सळ्या फडक्यानं पुसल्या. फडकं नारिंगी झालं. आमच्या ग्लासातली एक सळी वाळवी लागल्यासारखी कडेनं खाल्लेली होती, दुसऱ्या ग्लासातल्या मात्र गुळगुळीत. सगळं उत्तर त्या फडक्यावर होतं.

तो चोथा पाण्यातून आलेला नसतो, सळीतून येतो. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळी विरघळायला लागते आणि तिचा गंज पाण्यात साचतो. क्षार जास्त तितकी वीज जास्त, तितका गंज जास्त. त्याच्या बाटलीतल्या पाण्यात क्षार जवळपास नव्हते, म्हणून तिथे सळी फारशी विरघळली नाही. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, जे पिण्याच्या पाण्यात सर्वत्र असतात. म्हणजे हा प्रयोग चांगल्यात चांगल्या नळाच्या पाण्यावर केला तरी ग्लास गढूळच होणार.

मीटरचीही तीच गत. ते पाण्यातली विजेची वाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं हा आकडा साधारण ६०० च्या आत असेल तर पाण्याची चव चांगली मानली आहे, १००० च्या पुढे ते पिववेनासं होत जातं. म्हणजे हा हिशेब चवीचा आहे. आमचे ४१२ त्यात आरामात बसतात. जंतू या मीटरला दिसतच नाहीत. आर्सेनिकसारख्या विषाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. तेही या मीटरला कळत नाही. आकडा कमी असलेलं पाणी घातक असू शकतं आणि जास्त असलेलं चांगलं असू शकतं, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

पुढचं सगळं वीस मिनिटांत झालं. सर्व्हेचं रूपांतर "या भागासाठी खास सवलत" यात झालं. सवलत आजच्या दिवसापुरती, कारण गाडी आजच इथे आहे. मी म्हटलं, नवऱ्याला विचारून सांगते. तर म्हणाला, "ताई, बसवून तर बघा, महिनाभर ट्रायल. नको वाटलं तर काढून नेऊ, फक्त नोंदीसाठी सही लागेल." सही टॅबवर करायची होती. त्यानं पडदा स्वतःच वर सरकवत नेला आणि शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. मी सही केली. मोबाइलवर आलेला ओटीपी त्यानं मागितला, "नोंद पक्की करायला". तोही मी दिला. तासाभरात दुसरा मुलगा येऊन मशीन बसवून गेला. जाताना म्हणाला, पहिला महिना पाणी तपासू नका, आतला भाग स्थिरावायला वेळ लागतो.

ती सही ट्रायलची नव्हती. ती खरेदीची आणि हप्त्यांच्या कर्जाची होती, आणि ओटीपीनं कर्जाला माझी संमती गेली होती. पुढच्या महिन्यात खात्यातून पहिला हप्ता कापला गेला तेव्हा हे कळलं. पावतीवरचा नंबर लागेना. तोवर तिसऱ्या आठवड्यातच मशीनखालून पाणी गळायला लागलं होतं. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं झाकणं उघडून ओट्यावर ओळीनं मांडली. पाच टप्प्यांचं म्हणून विकलेल्या मशीनमध्ये दोन नळकांडी रिकामी होती. क्षार काढणारा पडदा, ज्याच्यासाठी एवढे पैसे, तो आत नव्हताच. मी स्वतः मीटर आणून मोजलं. नळाचं पाणी ४०८, मशीनमधून आलेलं ४०५.

नवऱ्याला सांगितलं. तो रागावला नाही, पण त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही. आई स्वतःलाच दोष देत राहिली, मीच घाबरले म्हणून तू सही केलीस. तिला तसं वाटू नये म्हणून मी विषयच बंद केला. शेजाऱ्यांना सांगायची लाज वाटत होती. शहरातून आले आणि इतकंही कळत नाही, असं म्हणतील.

दोन महिन्यांनी पलीकडच्या काकू फाटकाशी भेटल्या. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बोलता बोलता मी पाण्याचं विचारलं आणि सगळंच बाहेर पडलं. त्यांनी मला घरात नेलं. ९ व्होल्टची बॅटरी, दोन खिळे, वायरचे तुकडे घेतले आणि मला मशीन विकणाऱ्यानं शुद्ध म्हणून दाखवलं होतं तशा, क्षार काढलेल्या पाण्यात खिळे बुडवले. फारसं काही झालं नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. काही मिनिटांत ग्लास हिरवट-तपकिरी. मला रडू आलं. (घरच्या विजेच्या प्लगवर हे अजिबात करू नका, जीवावर बेतेल.) काकू म्हणाल्या, "अगं, मला आधी विचारायचंस. आमच्याकडे तो कधी आलाच नव्हता." आणि मग त्यांच्याकडून कळलं की मागच्या वर्षी नवीन आलेल्या कोपऱ्यावरच्या कुटुंबाकडे हाच "सर्व्हे" झाला होता. त्यांनीही लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं असतं तर मी वाचले असते. मी सांगितलं नाही, त्या दोन महिन्यांत मागच्या गल्लीत आणखी एक घर फसलं, हे मला आता माहीत आहे आणि ते मनातून जात नाही.

पाण्याचं म्हणाल तर ते शेवटी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. जंतूंच्या तपासणीसाठी त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यावा लागतो आणि गार ठेवून त्याच दिवशी पोचवावा लागतो, घरची बाटली चालत नाही. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हे जंतू अजिबात सापडता कामा नयेत, ते सापडले नाहीत. पाणी जड आहे, एवढंच. त्यानं गिझरमध्ये थर धरतो, कपडे राठ होतात, पण ते विष नव्हे. पाणीपुरवठा करणाऱ्या कार्यालयात विचारल्यावर त्यांनी ताज्या तपासणीचा कागद दाखवला, आणि आमच्या भागात असा कुठलाही सर्व्हे नाही असं स्पष्ट सांगितलं. तो एक फोन मी त्या माणसाला दारात उभं ठेवून करू शकले असते.

दारावर झालेली खरेदी ठरावीक दिवसांत रद्द करायची मुभा पुष्कळ देशांच्या कायद्यात आहे, युरोपीय संघात ती किमान १४ दिवसांची आहे. तुम्ही राहता तिथे किती, हे आजच बघून ठेवा. पहिला महिना पाणी तपासू नका असं मला का सांगितलं, हे ते वाचल्यावर उमगलं.

कर्ज देणाऱ्या कंपनीला मी रिकाम्या नळकांड्यांचे फोटो आणि दुरुस्तीवाल्याचा लेखी जबाब पाठवला, पोलिसांत आणि ग्राहक तक्रार केंद्राकडे अर्ज दिला. उरलेले हप्ते सध्या थांबवले आहेत, निकाल लागलेला नाही. भरलेले तीन हप्ते परत मिळतील असं मला वाटत नाही.

मागच्या रविवारी समोरच्या बंद घरासमोर ट्रक लागला. संध्याकाळी फाटकाबाहेर खोकी रचलेली दिसली. आई आणि मी पलीकडे गेलो, ओळख करून दिली, काकूंचा आणि आमचा नंबर लिहून दिला, आणि ती खोकी उचलून मागच्या अंगणात ठेवायला त्यांना मदत केली.